मुंग्यांनी नाकारलेली बशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर पांढरा कागद, त्यावर काचेच्या दोन बश्या आणि लाकडी पेटीतून निघालेली मुंग्यांची रांग. एका बशीत उपचाराआधीची लघवी, दुसरीत नंतरची. पहिलीवर मुंग्या तुटून पडल्या होत्या, दुसरीला एकही शिवत नव्हती.

"बघा!" मुंगीमहाराज गरजले. "यंत्र चुकतं, डॉक्टर चुकतो. हा जीव चुकत नाही! मुंगी आली नाही, म्हणजे साखर गेली. टाका त्या सुया कचऱ्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरी बशी ज्याची होती तो हात जोडून रडत होता. मागे गर्दीत उभी राहून ती हे बघत होती. तो तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

मुंगीच्या कणाएवढ्या मेंदूत काय चालतं, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. गल्लीतली पोरं तिला मुंगीमावशी म्हणत. वहिनीने काल रडतच फोन केला होता, "ताई, चार दिवस झाले, यांनी इन्सुलिन घेतलं नाही. तुम्हीच या आता." सकाळी तिने दादाला पाहिलं. गाल बसलेले, ओठ सुकलेले, पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती. ती बोलायला लागली तर तो म्हणाला, "मुंग्या लबाडी करत नाहीत, हे तूच सांगायचीस ना? मग आता काय झालं?" आपलंच कौतुकाचं बोलणं भावाच्या जिवावर उठलं, हे तिला आतून खात होतं.

गर्दीतून वाट काढत ती टेबलापाशी पोचली आणि वाकून बघू लागली. मुंग्या दुसऱ्या बशीकडेही येत होत्या की! बोटभर अंतरावर थबकत, पुढच्या पायांनी घाईघाईने मिशा पुसत आणि माघारी पळत. मुंगी अशा मिशा पुसते ती काहीतरी झोंबलं म्हणून. तिची नजर महाराजांच्या रुमालाकडे गेली. प्रत्येकाची उपचारानंतरची बशी मांडण्याआधी ते तिची कड त्या 'पावन' रुमालाने पुसत, हे तिने मघापासून पाहिलं होतं.

"महाराज, एक शंका आहे."

"शंका हाच मोठा रोग, ताई!" लोक खो खो हसले.

"मग माझाही उपचार करा. एक रिकामी बशी त्याच रुमालाने पुसून द्या."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं महाराजांना जड गेलं. बशी मिळताच तिने टेबलाशेजारी विकायला मांडलेला त्यांचाच मध तिच्यात ओतला. मुंग्या आल्या, थबकल्या, मिशा पुसून परतल्या. दोन मिनिटं झाली तरी मधाला एकही मुंगी लागली नाही.

"अहो, मधातलीपण साखर उतरली!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने दादाशेजारी उभ्या वहिनीच्या डब्याचं झाकण घेतलं आणि दादाच्या दुसऱ्या बशीतलं त्यात ओतलं. बघता बघता झाकण मुंग्यांनी काळं झालं.

"रुमालाला लवंगेचं तेल आहे," बशीची कड हुंगून ती म्हणाली. "मुंगीला ते सोसत नाही. तुम्हाला वास येऊ नये म्हणून इथे एवढं अत्तर मारलंय. साखर होती तिथेच आहे."

"औषध कंपन्यांची दलाल!" असं ओरडत महाराज मागच्या दाराने सटकले. थोडे लोक त्यांच्या मागे धावले. आपापली बशी घेऊन रांगेत उभे असलेले बरेच जण मात्र जागचे हलले नाहीत. इतक्या लांबून आलोय, आपली बशी खरी निघेल, असं त्यांना अजून वाटत होतं.

दादा खुर्चीत कोसळल्यासारखा बसला होता. "बावीस वर्षं टोचतोय गं," तो म्हणाला. "एक दिवस तरी बरं व्हावंसं वाटलं."

तिचे डोळे भरले. "वाटणारच. पण सुई आहे म्हणून तू आहेस, दादा. ऊठ." त्याला उठवेना. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता. तिने आणि वहिनीने त्याला दोन्हीकडून धरलं आणि दाराकडे नेलं. दवाखान्यात न्यायला बाहेर गाडी उभी होती.

दारात एका म्हातारीने तिचा हात धरला. पदराखालून बशी काढून म्हणाली, "बाई, माझी खरी की खोटी, तेवढं बघून सांगा. तुमच्यावर विश्वास आहे."

"माझ्यावरही नको, आजी," ती म्हणाली. "बशी स्वतः साबणाने धुवा, स्वतः पुसा, मग बघा. जो धुऊ देत नाही त्याच्याकडे थांबू नका. आणि आजची सुई चुकवू नका."