प्रणालीचा प

"सांगा, खिरापत कायची?" सुभद्राताईंनी पत्र्याचा डबा खुळखुळवला.

"फुटाण्याची." "मुरमुऱ्याची." अंगणवाडीतली चौदा पोरं एकदम ओरडली.

डब्यात दोन्ही नव्हतं. भुलाबाईच्या महिन्यात, कोजागरीपर्यंत, घरोघर पोरी गाणी म्हणतात आणि डब्याच्या आवाजावरून खिरापत ओळखतात. भातकुलीजवळच्या या गावात ताई तशीच अक्षरं ओळखायला लावत. नाल्याकाठच्या काळ्या मातीची अक्षरं पोरांनीच वळायची, उन्हात वाळवायची. मग डोळे मिटून डब्यात हात घालायचा, चाचपून अक्षर सांगायचं आणि त्याचं गाणं म्हणायचं. पाटीपुढं वर्षभर दाद न देणारं पोरगं या डब्यापुढं महिन्यात ताळ्यावर येई. तपासणीला आलेल्या मॅडमनी एकदा विचारलं होतं, "हे कोणत्या पुस्तकात आहे?" ताई म्हणाल्या, "आमच्या नाल्यात."

शेवटच्या दिवशी भुलाबाईच्या मूर्तीसोबत सगळी अक्षरं बादलीतल्या पाण्यात शिरवायची, विसर्जित करायची. आज तो दिवस होता.

भिंतीशी पाच वर्षांची आचल बसली होती. आषाढापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. तिची आई प्रणाली तेव्हा डेंग्यूनं गेली, अमरावतीला, दवाखान्यात. पोरीला मात्र कोणी सांगितलंच नाही. "माय दवाखान्यात हाय, येईन," एवढंच. आजी गोदाबाईंनी ताईंकडूनही शब्द घेतला होता, "तुमी काही बोलू नोका. लेकरू हाय, इसरून जाईन." उद्या अकोल्याचा मामा, ललित, तिला कायमची घेऊन जाणार होता. तिथल्या नव्या शाळेत ही न बोलणारी पोर कुठल्या कोपऱ्यात पडून राहील, ही ताईंना काळजी. जाण्याआधी तिनं एक अक्षर तरी बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी कपाटातून कुंकवाची जुनी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेला मातीचा प होता. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत प्रणालीनं वळलेला. प्र काही जमेना, म्हणून नुसता प. त्या वर्षी तो पाण्यात सोडायला ती तयारच होईना, नुसता आकांत मांडला. "उद्या सोडू," म्हणून ताईंनी ठेवून घेतला, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

तो प डब्यात टाकून त्या आचलजवळ जाऊन बसल्या. "हे तुह्या मायनं केलं हाय, बाई. तुह्याएवढी होती तवा."

आचलनं डोळे मिटले आणि डब्यात हात घातला. बोटं दांडीवरून खाली आली आणि थांबली. तिथं एका लहान अंगठ्याचा खळगा होता. तिचा अंगठा त्यात बरोबर बसला.

"प," ती म्हणाली.

ताईंना वाटलं, आता गाणं म्हणून घ्यावं. पण पोरगी त्यांच्याकडेच बघत होती.

"ताई, माय येत नाही ना आता?"

येईल म्हणणं सोपं होतं. सगळं गाव तीन महिने तेच म्हणत होतं, आणि ही पोर तीन महिने दाराकडे बघत बसली होती.

"नाही, बाई. नाही येत. माय मेली तुही."

आचल रडली नाही. उठली आणि प घेऊन बादलीकडे गेली. बाकीची पोरं आपापली अक्षरं शिरवत होती. ताईंचा हात आपोआप पुढं झाला. तो ठेव, अकोल्याला ने, असं ओठांवर आलं होतं. बावीस वर्षं जपलेला तो प होता, आणि प्रणालीचं त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. पण त्यांनी हात मागं घेतला.

पोरीनं दोन्ही हातांनी प पाण्यात सोडला. आधी कडा विरघळल्या, मग दांडी गेली. मग ती ताईंच्या कुशीत शिरली आणि तीन महिन्यांचं रडली.

दुपारी गोदाबाई न्यायला आल्या. नातीचे सुजलेले डोळे त्यांना दिसले.

"सांगतलं?"

"हो, काकू. इचारलं तिनं."

गोदाबाई पायरीवर बसल्या. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बरं केलं. मले जमून नव्हतं राहिलं."

आजी-नात वळणाआड गेल्या. ताईंनी बादलीतलं पाणी ओतलं. तळाशी गाळ राहिला. दरवर्षी तो त्या नाल्यावर टाकून येत. आज मात्र बादलीजवळ बसून त्यांनी डोळे मिटले, गाळात हात घातला आणि कितीतरी वेळ चाचपत राहिल्या. हाताला नुसता चिखल लागला.