गाडीखालून

टॉर्च काखेत दाबून काइसा पाठीखालच्या पुठ्ठ्यासकट गाडीच्या पोटाखाली आणखी आत सरकली. पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती, तरी नाकापासून गिअरबॉक्स वीतभरच वर. तळ्यावरून सुटलेला वारा अंगणात नुसता धिंगाणा घालत होता.

"दाब," ती ओरडली.

"दाबलं," वर ड्रायव्हरच्या सीटवरून आईचा आवाज आला.

उत्तर द्यायचंच, हा बाबांचा नियम. खाली कुणाची तरी बोटं असतात.

क्लचच्या खालच्या सिलिंडरची दांडी धाडकन बाहेर आली आणि धाडकन आत गेली.

"आई, तू क्लच दाबतेयस की झुरळ मारतेयस? बाबा दाबायचे तसं दाब, सावकाश, अर्ध्यावर जरा थांबून."

"मग तू ये वर. मी झोपते खाली, तेवढाच कमरेला आराम."

काइसाला हसू आलं, पण वेळ हसण्याचा नव्हता. दुपारी अर्नी काका गाडी ओढून न्यायला टोचन घेऊन येणार होता. गिअरबॉक्सखालचा ओला डाग बघून त्याने निकालच लावला होता: आतलं सील गेलंय, सगळं उतरवावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. काइसाला ते पटत नव्हतं. क्लचच्या बाटलीतलं तेल रोज खाली जात होतं. पेडलजवळचा गालिचा कोरडा होता, म्हणजे वरचा सिलिंडर धड होता. उरला हा खालचा. तो गळत असेल तर तासाभराचं काम. पण काकाला सांगायचं तर थेंब येताना डोळ्यांनी दिसायला हवा.

मार्चमध्ये गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर मासे पकडायला गेलेले बाबा परत आले नव्हते. काठावर उभी असलेली ही गाडी तेवढी घरी आली होती.

"दाब."

या वेळी उत्तर आलं नाही. दांडी मात्र हलली. सावकाश निघाली, अर्ध्यावर जरा थांबली, मग पूर्ण बाहेर येऊन स्थिर राहिली. सिलिंडरच्या रबरी टोपीची कड ओलावली. तिथे एक थेंब जमला, फुगला आणि काइसाच्या बोटावर पडला. फिकट पिवळा, पाण्यासारखा पातळ. सकाळी तिनेच बाटलीत ओतलेलं नवं तेल.

"आई, सापडलं! अस्संच दाब, परत एकदा. सोड आधी."

दांडी हळूच आत गेली.

"दाब."

पुन्हा तशीच, अर्ध्यावर थांबून. पुन्हा थेंब. काइसाने मान वळवली आणि चाकाच्या बाजूने तिला घराच्या पायऱ्या दिसल्या. आईचे लाल बूट एकेक पायरी उतरत होते.

दांडी अजून बाहेरच होती.

बोटावरचं तेल गार पडत चाललं होतं. काइसाने ओठ ओले केले.

"सोडा," ती पुटपुटली.

दांडी आत गेली. अगदी सावकाश.

बूट गाडीजवळ येऊन थांबले. वाफाळत्या पेस्टींचा, त्या खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचा, वास आला. "जळल्याच असत्या बघ. आत जाते म्हणून सांगून गेले होते. ऐकलंस ना?"

"वारा होता."

"मग? दिसलं काही?"

"बाहेरूनच गळतंय. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही."

आईने नाक ओढल्याचा आवाज आला. "अर्नीला सांगते, टोचन नको म्हणून. पण तो म्हणेल, पोरीच्या शब्दावर कसं जायचं? मलाही बघायला हवं होतं गं." ताट टपावर ठेवल्याचा आवाज झाला. लाल बूट ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. "बसू परत?"

"तिकडे नको," काइसा घाईने म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "इकडे ये, माझ्याजवळ. इथून दिसतं."

"अगं वेडे, मग पेडल कोण दाबणार?"

काइसा पुठ्ठ्यावर एका कडेला सरकली आणि तिने आईसाठी जागा केली.