टेसाच्या भत्त्याची वही

मी एक वही बोलतेय. वही म्हटल्यावर कुणाच्या कविता किंवा वाण्याचा हिशोब डोळ्यांपुढे आणू नका. मी बेकारभत्त्याची वही. चोवीस पानं, पातळ निळसर पुठ्ठा आणि मधोमध दोन पिना, एवढाच माझा देह. माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेले आहेत: तारीख, काम मिळवण्यासाठी काय केलं, आणि पुढे काय झालं. हा तिसरा रकाना छापायचं कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे. तो नसता तर आज मी अशी हळहळत बसले नसते.

कुठल्या छापखान्यात जन्मले ते आठवत नाही. शंभराच्या गठ्ठ्यात बांधून मला वेनबीला आणलं, तिथून पुढचं सगळं लख्ख आठवतं. वेनबी म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. बोटी कधीच्याच गेल्या, माशांचे कारखाने तेवढे उरले, आणि मासेसुद्धा आता परदेशातून खोक्यांत भरून येतात. त्यामुळे गावात काम कमी आणि माझ्यासारख्या वह्या फार.

कचेरीच्या कपाटात जुन्या, भरलेल्या वह्या आमच्या खालच्या फळीवर असायच्या. त्यांनी आम्हाला आधीच सगळी कल्पना दिली होती. "आपल्यात कुणी खरं लिहीत नाही," त्या म्हणायच्या. लिहिणारा खोटं लिहितो, वाचणारा न वाचताच मान डोलावतो, सही होते आणि दोघंही मोकळे होतात. मला याचं वाईट वाटलं, पण फार नाही. आपला धंदाच असा आहे म्हटल्यावर काय करणार?

मग २०११च्या जूनमध्ये टेसा स्टॉदर्ड आली. वय अठरा. तिचं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि सप्टेंबरच्या शेवटी तिला विद्यापीठात जायचं होतं, लीड्सला, भूगर्भशास्त्र शिकायला. समुद्रकाठचे दगड वेचून त्यांचं वय सांगत बसायची तिला लहानपणापासून खोड होती. घराण्यातून विद्यापीठाची पायरी चढणारी ती पहिलीच. मधले तीन महिने कसे काढायचे, एवढाच प्रश्न होता.

टेबलापलीकडे ब्रेंडाबाई होत्या. मनाने वाईट नव्हत्या, पण वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांचा आवाज शिक्क्यासारखा झाला होता.

"दर दुसऱ्या मंगळवारी, दहा वीसला सहीला यायचं. दहा एकवीस म्हणजे उशीर. आठवड्याला निदान तीन गोष्टी या वहीत लिहायच्या. कळलं, राणी?"

"हो. सप्टेंबरपर्यंत कुठलंही काम चालेल मला," टेसा म्हणाली.

ब्रेंडाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सप्टेंबरपर्यंत वगैरे इथे नसतं हं. भत्ता हवा तर मिळेल ती नोकरी धरायची, कायमची असली तरी. कायमची असली तर आधी."

टेसाने मान हलवली आणि मला पिशवीत टाकलं. तिला वाटलं, आपण सरळ वागलो की झालं.

घरात ती आणि तिची आई. आईने बारा वर्षं माशांच्या कारखान्यात गार पाण्यात हात घातले होते. आता तिची बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून ती घरी बसलेली. घराचं भाडं बरंचसं सरकारी मदतीतून जायचं. शेजारच्याच गल्लीत आईचा भाऊ नेव्ह राहायचा. चहाच्या वेळेला तो नेमका उगवायचा आणि नऊ वर्षं माझ्याच जातीच्या वह्या भरत होता.

"हे काय, निबंध लिहितेस?" माझ्यात डोकावून तो पहिल्याच दिवशी हसला. "अगं, तीन दुकानांची नावं टाकायची. अधूनमधून पेन बदलायचं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. मी तर खाटकाकडे दरमहा अर्ज करतो. तो मरून चार वर्षं झाली."

"मामा, पण मी खरंच जाऊन आले सगळीकडे."

"मग तर मुळीच लिहू नकोस!"

आई हसता हसता खोकली. टेसाही हसली. पण लिहिताना तिने खरंच लिहिलं. काय सांगू, माझ्या अंगावर काटाच आला! बेकरीत गेली, त्या दिवशी बेकरीचं लिहिलं. किनाऱ्यावरच्या खेळांच्या दुकानात, वृद्धाश्रमात, टपाल खात्यात, जिथे जिथे पाय झिजवले ते सगळं तारीखवार आणि सुरेख अक्षरात लिहिलं. तिसऱ्या रकान्यातही खरं: 'मालकीणबाईंनी विचारलं किती दिवस राहशील. मी सप्टेंबरपर्यंत सांगितलं. त्या नको म्हणाल्या.' कपाटातल्या त्या म्हाताऱ्या वह्यांना हे पान दाखवावं असं मला फार वाटायचं. इतका अभिमान वहीला शोभत नाही, पण होता.

तीन मंगळवार ब्रेंडाबाईंनी मला नुसतंच चाळलं. चौथ्या मंगळवारी त्यांच्या पाठीमागे तपासणीला आलेला वरचा साहेब उभा होता. म्हणून त्यांना मला वाचावं लागलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ओळ माशांच्या कारखान्याची होती: 'कायमची जागा होती. सप्टेंबरमध्ये विद्यापीठात जाणार असं मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्याला घेतलं.'

"हे काय लिहून बसलीस गं?" त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे तू नोकरी नाकारलीस."

"मी कुठे नाकारली? त्यांनी मला नाकारलं."

"तू जाणार म्हणालीस म्हणून."

"त्यांनी विचारलं म्हणून!"

साहेबाने पुढे वाकून ती ओळ वाचली, स्वतःशीच "हं" केलं आणि एक कागद मागवला. त्या एका 'हं'मध्ये टेसाचा भत्ता गेला. ज्या ओळीचा मला अभिमान होता, तिनेच पोरीला गोत्यात आणलं. माझं पान फाटलं असतं तर बरं झालं असतं.

आठवड्याने घरी पत्र आलं, भत्ता बंद झाल्याचं. पाठोपाठ दुसरं आलं ते आईच्या नावाने. घरात कमावत्या वयाची मुलगी आहे आणि तिच्या नावावर भत्ता नाही, त्या अर्थी ती भाड्याला हातभार लावत असणार, म्हणून भाड्याची मदत कमी केली आहे. आईने ते दोनदा वाचलं आणि चहाच्या डब्याखाली सरकवलं.

"मी उद्या जाऊन भांडते," टेसा म्हणाली.

"भांडून काय होणार आहे? त्यांना हवं ते लिहून दे आणि ये," आई म्हणाली. "आपण काही त्यांच्यापुढे जिंकलोय कधी?"

टेसा मला घेऊन गेली. साहेब नव्हता. ब्रेंडाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ऐक, पोरी. मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस. विद्यापीठाचा विचार सोडला असं लिही. सप्टेंबर आला की गुपचूप निघून जा. कोण येणार आहे लीड्सला विचारायला?"

"पण ते खोटं आहे."

"अगं, कागदच तर आहे."

हे वाक्य मला लागलं. टेसा बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली. मग तिने दाबून लिहिलं, इतकं दाबून की मागच्या पानावर उठलं: 'विद्यापीठात जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे. मला कायमची नोकरी हवी आहे.' खाली सही केली. माझ्यात तिने लिहिलेलं पहिलं आणि शेवटचं खोटं ते एवढंच.

भत्ता सुरू झाला, पण आता ती कायमची नोकरी हवी असलेली मुलगी होती. म्हणून पुढच्याच आठवड्यात कचेरीने तिला त्याच माशांच्या कारखान्यात धाडलं. नाही म्हणायची सोय नव्हती. सोमवारी सकाळी पांढरे रबरी बूट आणि डोक्याला जाळी घालून ती माशांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली, आई उभी राहायची तिथून चार हात अंतरावर. भत्ता संपला, माझं काम संपलं. मी स्वयंपाकघरातल्या खणात गेले, डबे उघडायची चावी आणि चिनी जेवणाच्या जाहिरातींबरोबर. खण नीट लागायचा नाही, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला. मार्क उत्तम. नेव्हमामा सगळ्यांसाठी मासे आणि चिप्स घेऊन आला. "दगडांची डॉक्टरीणबाई!" असं म्हणत त्याने टेसाच्या पाठीत धपाटा घातला. आई रडली. त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की सगळं निभावून गेलं.

पण मधल्या आठवड्यांचं भाडं थकलं होतं ते थकलंच. टेसाचा पगार येऊ लागल्यावर सरकारी मदत आणखी खाली आली होती. आता तो पगार गेला तर मदत परत वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा महिने. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाची नोटीस आली.

"तू जा," आई म्हणाली. "माझ्यासाठी थांबायचं नाही."

"तुझ्यासाठी कोण थांबतंय?" टेसा म्हणाली. दोघींपैकी कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई बाहेर असताना, तिने स्वयंपाकघरातून लीड्सला फोन लावला. एक वर्ष उशिरा आले तर चालेल का, असं विचारलं. पलीकडची बाई चालेल म्हणाली असावी, कारण टेसाने तीनदा आभार मानले. फोन ठेवल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. पण तिने आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मगच ती रडली. घरभाडं खरंच होतं, पण त्या परक्या शहराची भीतीही होती, आणि ती भीती तिने तोवर कुणालाच, अगदी मलाही सांगितली नव्हती. माझ्यातल्या त्या दोन ओळींनी तिला परतायची वाट आयती करून दिली होती.

वर्षाने तिने पुन्हा फोन केला, आणखी एक वर्ष मागायला. जागा एकदाच राखून ठेवता येते, आता नव्याने अर्ज करावा लागेल, असं उत्तर मिळालं. अर्जाचा कागद बरेच दिवस टेबलावर होता. मग त्यावर चहाचे डाग पडले. किनाऱ्यावर जाणंही तिने हळूहळू सोडलं. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे.

या उन्हाळ्यात कारखान्याने एक पाळी बंद केली. टेसाचीच. पुन्हा सहीला जायचं म्हणून तिने जुने कागद शोधायला खण उघडला आणि मी तिच्या हाताला लागले. ती वीस वर्षांची आहे, पण बोटं आताच थोडी आखडू लागली आहेत. तिने मला पानापानाने चाळलं. त्या दाबून लिहिलेल्या पानापाशी ती थांबली. आईने तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"हे तू तेव्हा खोटंच लिहिलं होतंस ना गं?"

"हो," टेसा म्हणाली. "तेव्हा खोटं होतं."

आईने पाण्याचा नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला. टेसाने मला मिटलं. नवी वही कचेरीतून मिळणारच होती.

आता मी दाराबाहेरच्या रद्दीच्या डब्यात आहे. बुधवारी गाडी येईल. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. ब्रेंडाबाईंनी तर भलंच करायचं म्हणून सांगितलं. टेबलापलीकडे बसणाऱ्यांनो, जाता जाता एवढंच मागते. कुणी खरं लिहून आणलं तर त्याला खोटं लिहायला शिकवू नका. नेव्हमामा नऊ वर्षं खोटं लिहून तसाच राहिला, त्याचं खोटं कागदावरच वाळून गेलं. पण अठरा वर्षांची पोर सही करून जे लिहिते, ते पाळते.