बिनउशीची झोप

रुक्माबाईच्या घरात उशी वापरत नसत, आणि याचा तिला अभिमान होता. आता उशी नसण्याचा कोणी अभिमान धरतं का? पण ती धरायची. नवरा धोंडीबा मरेपर्यंत सालगडी, घरात गोधड्या दोन आणि माणसं चार, तिथं उशी कुठून यायची? अमरदीप त्याच जमिनीवर वाढला, शिकला, मंडल ऑफिसात क्लार्क झाला, तरी झोपायचा तसाच. सपाट. लग्नात सुनेच्या माहेरून मऊ उशांची जोडी आली, ती प्लास्टिकच्या पिशवीत पेटीवर पडून राहिली. "माह्या पोराले उशी लागत नाही," रुक्माबाई शेजारणींना ऐकवायची. "मान पाहा त्याची, कशी ताठ हाय."

भादव्यातल्या एका पहाटे त्याच जमिनीवर त्याला मण्यार चावली. ही मण्यार मेली चावल्याचं कळूही देत नाही. सूज नाही, रक्त नाही. "आई, पोटात दुखून राह्यलं," म्हणत अमरदीप उठला, आणि चहा पुढ्यात येईपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. सून प्रीती शाळेत मास्तरीण. तिनं झाडफूक करणाऱ्यांना दारातूनच परतवून लावलं, ऑटो बोलावला आणि जैनथवरून सरळ आदिलाबादचा दवाखाना गाठला. दवाखान्याच्या पायरीवर त्याचा श्वास तुटत आला होता. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि मशीन लावली. छाती वरखाली व्हायला लागली तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला.

"मण्यारीचं विष उतरतं," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "चार-आठ दिवस त्याच्या वाटचा श्वास मशीन घेईल. तेवढे दिवस छाती साफ राहिली पाहिजे. राहिली, तर तो चालत घरी जाईल." आणि जाता जाता म्हणाले, "हलता येत नसलं, तरी त्याला सगळं ऐकू येतं. बोलत जा त्याच्याशी."

भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं. प्रीती बाहेर औषधांच्या चिठ्ठ्यांमागे धावायची, म्हणून आत रुक्माबाईच जायची. पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यात एक गोष्ट खुपली. पलंगाचं डोक्याकडचं अंग उचललेलं होतं. अमरदीप ना धड बसलेला, ना धड निजलेला, आणि मान एका अंगाला कललेली. अरे बाप्पा, माह्या लेकराले अशी झोप येईन का?

पलंगाच्या पायथ्याशी एक लोखंडी हँडल होतं. गावचं बोअरिंग जन्मभर हापसलेली बाई ती, तिला हँडल काय शिकवायचं! इकडे-तिकडे पाहिलं आणि आठ-दहा फेरे फिरवले. पलंग सपाट झाला. अमरदीपचा चेहरा तिला निवांत वाटला. "आता नीज बाबू," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

संध्याकाळी येऊन पाहते तो पलंग पुन्हा वर! भाग्यलक्ष्मी नावाची सिस्टर होती, एकटी आठ पलंग सांभाळणारी. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली, मग हिंदीत म्हणाली, "अम्मा, सिर ऊंचा रखना. नीचे नहीं करना." रुक्माबाईला ते कळलं. कळलं नाही असं ती पुढे स्वतःलासुद्धा सांगू शकली नाही. कळलं होतं, पटलं नव्हतं. या कालच्या पोरी मले सांगतात माह्या लेकराची झोप! सिस्टरची पाठ फिरली आणि तिनं हँडल फिरवलं.

असं रोज चाललं. ती खाली करायची, सिस्टर वर करायची. कधी सिस्टरचं लगेच लक्ष जायचं, कधी दुसऱ्या पलंगावरच्या धावपळीत तास-दोन तास उलटायचे. तिसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीनं तिला सरळ विचारलं, "अम्मा, बेड कौन नीचे करता?"

"मले काय मालूम?" रुक्माबाई म्हणाली, आणि पदर सावरत बाहेर आली. एवढं साधं खोटं होतं ते.

चौथ्या दिवशी अमरदीपच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. बोटं हलली. मशीनचा जोर कमी करून पाहू, असं डॉक्टर म्हणाले. प्रीतीनं नऊ दिवसांसाठी मांडलेला रजेचा अर्ज खोडून सहा दिवसांचा केला. रुक्माबाईनं आत जाऊन पलंग सपाट केला, लेकाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बरं वाटते ना आता, बाबू?" त्यानं तिचं बोट दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं ते जोरानं. तिला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बाहेर येऊन तिनं प्रीतीला मिठीच मारली. "हो म्हणाला व, तीनदा हो म्हणाला!"

पाचव्या दिवशी ताप चढला. नळीतून पिवळा, घट्ट कफ निघायला लागला. सिस्टर तो ओढून काढायची, आणि घटकाभरात तो पुन्हा भरायचा. डॉक्टरांनी प्रीतीला बोलावून एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. रुक्माबाई मागे उभी होती.

"निमोनिया झाला," डॉक्टर म्हणाले. "तोंडातली लाळ, पोटातलं पाणी नळीच्या कडेनं छातीत झिरपतं. त्यात जंतू असतात. म्हणून तर आम्ही डोकं उंच ठेवतो. तरीही होतो कधीकधी. नळी असली की कोणालाही होऊ शकतो."

कोणालाही होऊ शकतो. हे तीन शब्द रुक्माबाईनं घट्ट धरून पाहिले, पण ते हातात राहिनात. ते दाबलेलं बोट तिला आठवलं. विष उतरत होतं, जीव परत येत होता, आणि तोंडात नळी असलेला माणूस एका बोटानं तरी काय-काय सांगणार? तो हो म्हणत होता, की आई, वर कर म्हणत होता? आता हे तिला कोण सांगणार होतं?

त्या संध्याकाळी ती आत गेली ती हँडलला हात लावायलाही भ्याली. पलंग उंचच होता. तरी दहाची दहा मिनिटं तिनं पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. औषधं बदलली, मग त्याहून भारी सुरू झाली. प्रीतीनं रजेचा अर्ज पुन्हा लिहिला. प्रीतीला सांगावं असं रुक्माबाईच्या रोज ओठांवर यायचं, आणि दवाखान्याच्या ओट्यावर तिच्या शेजारी बसली की तोंडाला कुलूप लागायचं. नवव्या दिवशी सकाळी, भेटायच्या वेळेआधीच, सगळं संपलं. भाग्यलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली आणि रडली. ती रडली म्हणून रुक्माबाईला जास्तच लाज वाटली.

गाडी गावात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात सतरंजी अंथरली होती. चौघांनी अमरदीपला उतरवून सपाट निजवलं आणि पांढरं कापड ओढलं. गावात बुद्धवंदना म्हणणारा नागनाथ पुढे होऊन हात जोडणार, एवढ्यात रुक्माबाई म्हणाली, "थांबा. डोकं वर करा त्याचं."

कोणाला काही उमगेना. "मावशी," नागनाथ हळूच म्हणाला, "आता कायले? आता काय फरक पडते?"

"मले मालूम हाय फरक पडत नाही. तरी करा." ती लेकाच्या डोक्याशी बसली. "दवाखान्यात मीच खाली केलं होतं. रोज केलं. सिस्टरनं विचारलं त खोटं बोलली मी. त्याची छाती मी भरवली, माह्या या हातानं."

प्रीती नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिनं सासूकडे पाहिलं. मग उठून आत गेली. आता ही बाहेर येऊन मले हाकलते, रुक्माबाईला वाटलं, आणि हाकलावंच. आतून प्लास्टिक फाडल्याचा आवाज आला.

प्रीती बाहेर आली ती उशी घेऊन. लग्नातली, कोरी करकरीत. ती खाली बसली आणि म्हणाली, "आई, तुमी डोकं धरा."

रुक्माबाईनं दोन्ही हातांनी लेकाचं डोकं उचललं. प्रीतीनं खाली उशी सरकवली.

"बराबर हाय का?"

रुक्माबाईनं डोकं टेकवून पाहिलं. हात काही तिला काढवेना.

"अजून जरा वर," ती म्हणाली.

प्रीती दुसरी उशी आणायला आत गेली.