डिसेंबरात बसवलेलं दार

संघर्षनं गच्चीच्या लोखंडी दाराला तिसऱ्यांदा खांदा मारला. दार हाललं नाही. खांदा हालला.

मागे शेगडीवर कोंबडी धूर काढत होती. पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचे होऊ घातलेले सासरे उकंडाजी बसले होते. ते राजूरहून मुलाचं घर पाहायला आले होते. स्वयंपाकघर पाहिलं, कूलर पाहिला, बुद्धांच्या तसबिरीपुढं हात जोडले आणि शेवटी गच्ची पाहायला वर आले. ते होऊ घातलेलेच राहतात की पुढं खरोखर सासरे होतात, हे आता त्या कोंबडीवर होतं.

"काय झालं?" उकंडाजींनी विचारलं.

"अडकलं जी."

"पहिलेही अडकते?"

"फक्त उन्हाळ्यात. दार डिसेंबरात बसवलंतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आईनं एकदम घट्ट बसवून घेतलं. मे महिन्यात ते फुगते. संध्याकाळी थंड झालं का उघडते."

मागच्या उन्हाळ्यात आई पापडांसोबत दुपारभर वरच राहिली होती. पापड वाळले, आईही थोडी वाळली. तेव्हापासून घरात नियम होता. दुपारी वर जाणाऱ्यानं दारात वीट ठेवायची. आज वीट दारात नव्हती, कारण ती शेगडीच्या मोडक्या पायाखाली होती. आणि धूर खाली येतो म्हणून आईनंच पलीकडून दार लोटून लावलं होतं.

"संघर्ष!" दारापलीकडून आईचा, सत्यभामाबाईंचा आवाज आला. "वीट कुठं हाय?"

"शेगडीखाली."

पलीकडून दाराची कडी दोनदा ओढली गेली.

"घाबरू नका जी!" आई मग पाहुण्यांना म्हणाली. "पोट्टा शेफ हाय!"

शेफ असल्यानं दार कसं उघडतं, हे तिनं सांगितलं नाही. "मी राजूरले फोन लावला," ती पुढं म्हणाली. "सगळं सांगितलं. तुमची उर्वशी तं नुसती हसून राह्यली."

उकंडाजींच्या या मुलीसाठीच तर सगळं चाललं होतं. मागच्या आठवड्यात फोनवर उर्वशी म्हणाली होती, "मले तं तुम्ही पटले. पण बाबांले खोटं खपत नाही. त्यांले पटू द्या, मंग माझं सांगते." आणि ती हे म्हणत असताना त्यानं नेमका हातात चिमटा घेतलेला, शेजारी ज्वाळा उठलेल्या असा आपला फोटो तिला पाठवला होता. चिमटा दुसऱ्याचा होता. ज्वाळाही दुसऱ्याच्याच होत्या.

पुण्याच्या हॉटेलात संघर्ष दोन वर्षं सलाद कापत होता. निखाऱ्यांपर्यंत त्याला कोणी जाऊच दिलं नव्हतं. आई मात्र गल्लीभर सांगत सुटली होती, पोट्टा आगीवर काम करते. आज तर तिनं हौसेनं समुद्रातले झिंगेही आणले होते. यवतमाळला पोचेपर्यंत त्या झिंग्यांनी इतका प्रवास केला होता, की शेगडीवर ठेवल्याबरोबर ते एकेक करून जाळीतून खाली उतरले आणि निखाऱ्यांत नाहीसे झाले.

"बस," उकंडाजी म्हणाले. "खाणीत होतो मी. अडकलं का पहिले बसून घ्यायचं. धावणारा लवकर थकते."

संघर्ष बसला. गच्ची इतकी तापली होती की लगेच उठला, आणि उठलोच आहोत तर म्हणून त्यानं कोंबडी उलटली.

उकंडाजी जवळ आले. वाकून त्यांनी एका तंगडीत बोट रुतवलं आणि बोटाकडं पाहिलं.

"कोळशात जिंदगी गेली माही," ते म्हणाले. "वरून हा पक्का कोळसा झाला. आत अजून कोंबडीच हाय."

"थोडा वेळ लागंल जी."

"लागू दे. आपल्याले कुठं जायचं हाय?"

बाजूला बर्फाच्या पाण्याची बादली होती. तिच्यात सलादचा डबा ठेवलेला: काकडी, कांदा, कच्चा आंबा, भिजवलेली मुगाची डाळ, पुदिना. उकंडाजींनी डबा उघडला, एक घास खाल्ला. मग दुसरा. मग खुर्चीवर टेकून ते मन लावून खाऊ लागले. डबा संपत आला तसा संघर्षनं सवयीनं कापायचा पाट पुढं ओढला आणि नवी काकडी घेतली. सुरी चालू लागली. चकत्या कागदासारख्या पडत गेल्या. त्याचं लक्ष दाराकडं होतं, सुरीकडं तो पाहतही नव्हता.

उकंडाजी मात्र पाहत होते.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"अन् ते?" त्यांनी हनुवटीनं शेगडी दाखवली.

सुरी थांबली. संघर्षनं काकडीकडं पाहिलं, जणू तीच काही बोलेल.

"ते पहिल्यांदाच," तो म्हणाला. "मी ग्रिलवर नाही जी. सलाद कापतो तिथं. फक्त सलाद. उर्वशीले पाठवलेला फोटोही खोटा हाय."

उकंडाजींनी शेवटची फोड तोंडात टाकली. ती सावकाश चावली. मग उठून बर्फाची बादली उचलली, दारापाशी गेले आणि वरच्या चौकटीपासून बिजागऱ्यांपर्यंत पाणी ओतत आले. लोखंडातून वाफ निघाली. थोड्या वेळानं दार टक् असं वाजलं. त्यांनी दोन बोटांनी ढकललं.

दार उघडलं. पलीकडून जीव खाऊन ओढणाऱ्या सत्यभामाबाई दोन पायऱ्या खाली गेल्या.

"आमच्या घरीही असंच दार हाय," उकंडाजी म्हणाले.

संघर्ष रिकाम्या बादलीकडं पाहत राहिला. "मंग पहिलेच काहून नाही सांगितलं जी?"

"तू पहिले सांगितलं?"

सत्यभामाबाई पदर सावरत वर आल्या. "कशी झाली जी कोंबडी?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"काकडी चांगली झाली," उकंडाजी म्हणाले आणि जिना उतरले.

खाली कूलरसमोर बसून त्यांनी राजूरला फोन लावला. "हं उर्वशी... नाही. शेफ नाही... सलाद... हो, सलादच." मग फोन त्यांनी संघर्षच्या हातात दिला.

"दार कसं उघडलं? बाबांनी पाणी टाकलं?" उर्वशीनं विचारलं.

"हो."

"स्वतःहून?"

"हो."



"म्हणजे बाबांले तुम्ही पटले. मंग माझंही हो," ती म्हणाली. "अन् ती वीट पहिले जागेवर ठेवा."

संघर्ष फोन कानाला लावूनच वर गेला आणि शेगडीखालून वीट काढली. शेगडी कलंडली, कोंबडी गच्चीवर घरंगळत गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही.