दोन माणसांचं घर

बाबांना घर बघायला नेण्याआधी त्यांना खरं काय ते सांग, असं नवऱ्याने ड्यूटीवर जाताना बजावलं होतं. तो इस्पितळात नर्स आहे. अवघड गोष्टी माणसांच्या तोंडावर सांगायची त्याला सवय आहे. मला नाही. सांगायचं एवढंच होतं की, त्या घरात तिघं मावणार नाहीत. आज सांगते, उद्या सांगते करत मी महिनाभर मूग गिळून बसले होते. आणि इकडे बाबांनी सकाळी उठून शर्टाला इस्त्रीसुद्धा केली होती.

चाळीस वर्षं खिडक्यांना काचा बसवलेला माणूस तो. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आमच्या भाड्याच्या घरात बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर झोपतात. "काच मी बघितल्याशिवाय सही करायची नाही हं," असं त्यांनी मला दहादा तरी ऐकवलं होतं. नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

घर अगदी भर बाजारात होतं. खाली बसथांबा, चपलांची दुकानं, किल्ल्या बनवणाऱ्याचं मशीन, सगळ्यांचा एकच कालवा. चौथ्या मजल्यावर दार लागलं आणि तो कालवा एकदम थांबला. मला तिथेच ते घर हवंसं झालं. एक बसायची खोली, एक झोपायची, ओटा आणि कपाटं भिंतीत बसवलेली, कोपरान् कोपरा कामाला लावलेला. विकणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. घराबद्दल बोलताना जणू पहिल्या आलेल्या मुलीचं प्रगतिपुस्तक वाचत होत्या. वीज किती कमी लागते, थंडीत हीटर कसा लावावाच लागत नाही, सगळं क्रमाने.

बाबा सरळ खिडकीपाशी गेले. खिशातून लायटर काढला. सिगारेट त्यांनी केव्हाच सोडली, लायटर कामासाठी असतो.

"आणि हे महत्त्वाचं," बाई छताकडे बोट दाखवत म्हणाल्या. "खिडक्या बंद असल्या की हे यंत्र बाहेरची हवा आत घेतं. दोन माणसांच्या हिशेबानेच बसवलंय. शेजारी तिघं राहायला लागले, तर भिंतींना बुरशी धरली. तेव्हापासून सोसायटीचा ठराव आहे, या घरांत दोघंच. लपवाछपवी केलीत तर मला ऐकून घ्यावं लागेल. तुम्ही किती जण?"

"दोघंच," मी म्हणाले.

"आणि हे?"

वडील आहेत, सोबत आलेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुठे राहतात असं त्यांनी विचारलं असतं, तर काहीतरी थाप मारता आली असती. पण खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. जिना चढतानाच मला बाबांची लाज वाटायला लागली होती. ती झिजलेली कॉलर, काचेने चिरलेली बोटं, खांद्याला हत्यारांची पिशवी. मुख्याध्यापिकेसमोर मी पुन्हा शाळेतली झाले, आणि शाळेत मी फार शूर कधीच नव्हते.

"हे काचवाले," मी म्हणाले. "खिडक्या तपासायला आणलंय."

लायटर धरलेला हात क्षणभर तसाच राहिला. मग बाबा वळले आणि बाईंना नमस्कार करून म्हणाले, "हो. मॅडमनी बोलावलं म्हणून आलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी काम मात्र नेहमीसारखंच चोख केलं. ज्योत काचेजवळ धरून बाईंना जवळ बोलावलं. "आत किती ज्योती दिसतात, मोजा. चार ना? एका काचेच्या दोन, म्हणजे काचा दोन. आता ही तिसरी ज्योत बघा, जरा जांभळट आहे. तो लेप आहे. तोच आतली ऊब आत ठेवतो."

"अगंबाई! आठ वर्षं राहतेय, मला कोणी दाखवलं नव्हतं हे," बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "किती छान समजावता हो तुम्ही."

झोपायच्या खोलीतल्या खिडकीत दोन काचांच्या मधे बाष्प धरलं होतं. "हिचं सील गेलंय. ही बदलायला हवी," ते म्हणाले. बाईंनी लगेच कबूल केलं. त्यांनी मला चहा दिला, बाबांनाही दिला, खुर्ची पुढे केली. "कामावर बसत नाही मी," असं म्हणून बाबांनी चहा उभ्यानेच घेतला. घरी ते चहासोबत तासभर गप्पा मारतात.

"मग, तुमचं मत काय?" बाईंनी त्यांना विचारलं. "घ्यावं का यांनी?"

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी आणि कपाट यांच्यामधल्या भिंतीवर ती जरा रेंगाळली. तिथे एक कॉट बरोबर बसली असती. त्यांची नजर बोटभरसुद्धा चुकत नाही, हे मला माहीत होतं.

"घ्या मॅडम," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "दोन माणसांना झकास आहे."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, निदान तेवढं तरी जमतं मला.

खाली रस्त्यावर ते माझ्या चार पावलं मागून चालत होते. मी थांबले की तेही थांबायचे. शेवटी मला राहवलं नाही. मी मागे वळले आणि भर गर्दीत म्हणाले, "बाबा!"

"हळू," ते पुटपुटले आणि चपलांच्या दुकानाकडे बघायला लागले. "बाई वर खिडकीत उभ्या आहेत. तू पुढे चाल. त्यांनी बघितलं तर घर हातचं जाईल तुझं."

मागे फिरून चार मजले चढायचे होते आणि एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. समोरचा सिग्नल सुटला. मी पर्स खांद्यावर सावरली आणि पुढे चालू लागले.