चौकोनांच्या पलीकडचे भीमराज

मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. गोवंडीला जयाताईंच्या खोलीत टीव्हीखाली बसतो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी खराब नाही. लोकांनाच घाई फार.

चित्र माझ्याकडे शून्य आणि एकच्या लांबलचक माळेतून येते. वारंवार लागणाऱ्या गोष्टीला आखूड खूण, क्वचित लागणारीला लांब. आणि दोन खुणांमध्ये जागा सोडलेली नसते. वाटेत एक आकडा बिघडला, तरी कोणती खूण कुठे संपली तेच कळेनासे होते. पुढचे सगळे चुकत जाते आणि पडद्यावर चौकोन पसरतात. पण माळेत अधूनमधून एक ठरलेला इशारा ओवलेला असतो. तो सापडला की बिघडलेले सोडून मी तिथून पुन्हा नीट वाचू लागतो.

जयाताईंचे पती भीमराज मला रोज फडक्याने पुसायचे. ते भीमगीतांच्या पार्टीत गायचे. एका चौदा एप्रिलला त्यांचा कार्यक्रम टीव्हीवर लागला आणि मी तो साठवून ठेवला. नेमकी तेव्हाच शेजारणीने छतावरच्या आमच्या डिशच्या छत्रीवर ओली गोधडी वाळत घातली होती! आरडाओरडा करून ती काढेपर्यंत थोडा भाग बिघडलाच.

पुढच्या वर्षी भीमराज गेले. जयाताई रोज संध्याकाळी ते गाणे लावत. दुसऱ्या ओळीला चौकोन आले की मुलगी माधुरी झटकन बंद करी. वडिलांचा विस्कटलेला चेहरा आईने पाहू नये, एवढेच तिच्या मनात. चार वर्षे हेच चालले. ‘थांब गं, ते पुढे आहेत!’ असे ओरडावेसे वाटे. पण मला तोंड कुठे आहे?

मागच्या आठवड्यात डिशवाला निलेश माझ्या जागी बसवायला नवा बॉक्स घेऊन आला.

“मावशी, ह्यातलं रेकॉर्डिंग नव्यात येणार नाही हां.”

“मग शेवटचं एकदा लाव, बाबा.”

रिमोट त्याच्या हातात होता. चौकोन आले.

“बंद कर ना, दादा!” माधुरी म्हणाली.

“थांब ना, येईल,” निलेश म्हणाला.

मी जिवाच्या आकांताने इशारा शोधला. सापडला! भीमराज अख्खे दिसले. त्यांनी गाणे पुरे केले, कपाळाचा घाम पुसला आणि समोर बघून हात जोडले.

“जय भीम.”

जयाताई ताडकन उभ्या राहिल्या. “जय भीम,” म्हणाल्या आणि रडू लागल्या.

“आई, मीच बंद करत होते गं,” माधुरी कशीबशी म्हणाली.

निलेश नवा बॉक्स परत घेऊन गेला. मी राहिलो.

मित्रांनो, एखादी गोष्ट विस्कटलेली दिसली तर लगेच बंद करू नका, टाकूनही देऊ नका. थोडे थांबून बघा. जयाताईंची ती चार वर्षे मला काही परत देता येत नाहीत.